सीमा कोणासाठी उठल्या?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाची संहिता)



अर्नेस्ट बेव्हिन हे ब्रिटनमधील वाहतूक कामगारांचे नेते. १९४५ साली मजूर पक्षाच्या सरकारात ते परराष्ट्रमंत्री झाले. व्हिक्टोरिया स्टेशनवर तिकीट काढावे आणि मनाला येईल तिकडे जावे, एवढेच आपले परराष्ट्रधोरण आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यात विनोद होता, तसा इतिहासही होता. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पारपत्रावाचून प्रवास करता येत असे. युद्धाने आणलेली बंधने शांतता प्रस्थापित झाल्यावरही उठली नाहीत. बेव्हिन यांना हवे होते ते सामान्य माणसाचे हिरावलेले स्वातंत्र्य.

ते स्वातंत्र्य युरोपात पुढे बऱ्याच अंशी परत आले. त्याचे श्रेय मुत्सद्द्यांना दिले जाते. पण त्यामागे रस्त्यावरच्या माणसाचाही रेटा होता. १९८४ च्या फेब्रुवारीत इटली व फ्रान्समधील जकात कर्मचाऱ्यांच्या असहकारामुळे आल्प्समधील नाक्यांवर मालमोटारी अडकून पडल्या आणि संतप्त चालकांनी फ्रान्समधील रस्तेच रोखून धरले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी सीमेवरील तपासणी सैल करण्याचा करार केला. पाठोपाठ १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी, मोझेल नदीतील एका बोटीवर, या दोघांसह बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी सह्या केल्या. प्रत्यक्ष तपासणी थांबायला १९९५ साल उजाडले. बल्गेरिया व रुमानिया यांच्या भूसीमा जानेवारी २०२५ मध्ये खुल्या झाल्यावर या क्षेत्रात एकोणतीस देश पूर्णपणे सामील झाले.

ही उपलब्धी सामान्य नव्हे. ज्या सीमांसाठी दोन महायुद्धांत लक्षावधी माणसे मारली गेली, त्या सीमा आज आगगाडीतील प्रवाशाला बहुधा जाणवतही नाहीत. परंतु प्रश्न असा, की आतल्या भिंती पाडताना निघालेल्या विटांचे काय झाले? त्या बाहेरच्या भिंतीवर चढवण्यात आल्या.

अमेरिकेचा किंवा जपानचा नागरिक या क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसावाचून राहू शकतो. भारतीय नागरिकाला तेवढ्याच मुदतीसाठी आधी व्हिसा काढावा लागतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क प्रौढांना ९० युरो आहे. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. अर्ज स्वीकारण्याचे काम अनेक ठिकाणी खाजगी कंपन्यांकडे सोपवले आहे, त्यांचा आकार निराळा. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा, आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालेल असे पारपत्र हवे. निवासाची सोय, पुरेसा पैसा आणि मायदेशी परतण्याचा हेतू यांचा पुरावाही द्यावा लागतो.

या शेवटच्या अटीकडे नीट पाहिले पाहिजे. हेतूला पुरावा कोठून आणायचा? तो बँकेच्या उताऱ्यातून, पगाराच्या दाखल्यातून, घराच्या कागदांतून शोधला जातो. म्हणजे ज्याच्यापाशी मालमत्ता त्याचा शब्द खरा, आणि ज्याच्यापाशी केवळ श्रम त्याच्यावर संशय. नियमात कोठेही ‘गरिबांस मज्जाव’ असे लिहिलेले नाही. तसे लिहिण्याची गरजच उरलेली नाही. त्यात विमान कंपन्यांनी योग्य कागदपत्रांविना प्रवासी आणल्यास त्यांना हजारो युरोंचा दंड होतो. परिणामी युरोपची सीमा मुंबईच्या विमानतळावरील खिडकीशी येऊन ठेपली आहे आणि तिचा पहारा तिकीट तपासणारा कर्मचारी करतो.

जन्माच्या योगायोगावर हक्क कसे ठरतात, याचा दाखला शोधायला दूर जायला नको. पत्रादेवीच्या नाक्याअलीकडे बांदा आहे, पलीकडे पेडणे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुला-नातवंडांना, अटी पुऱ्या झाल्यास पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. ते मिळाले की भारतीय नागरिकत्व संपते. पण युरोपीय संघात कोठेही राहण्याचा व काम करण्याचा मार्ग मोकळा होतो. बांद्याच्या तरुणाला मात्र आठवड्याच्या भेटीसाठीही सारे कागद जोडावे लागतात. भाषा, शेती, जत्रा दोघांच्या जवळपास सारख्याच. ज्या पत्रादेवीवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तेथेच वसाहतवादाची जुनी नोंदवही अशी माणसांची वाटणी करीत आहे. पोर्तुगीज पारपत्र घेणाऱ्या गोमंतकीयाला यात दोष देणे अन्यायाचे होईल. रोजगार शोधणारा माणूस उघडे दार पाहतो. दोष दाराच्या रचनेत आहे.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक राष्ट्राला आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे. तो मान्यच आहे. पण अधिकार म्हटला की त्याला न्यायाची मर्यादा आली. फेटाळलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळावे, शिल्लक रकमेपेक्षा प्रवासाच्या प्रयोजनाला अधिक वजन असावे, या मागण्या माफक आहेत. नकाराची कारणे लेखी देण्याचे बंधन आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क युरोपच्या २००९ च्या व्हिसा संहितेत आहेच. तो हक्क अर्जदारांना ठाऊक करून देणे हे कार्यकर्त्यांनी आजपासून करता येण्याजोगे काम आहे.

बाहेरच्यांविषयी जोपासलेला संशय शेवटी आतही शिरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, ती शेजारी शेंगेन देशांच्या सीमांवरही. भांडवल आणि माल यांना जगभर वाट मोकळी करून देणारी व्यवस्था श्रमिकाला दारात थांबवते, तोवर बेव्हिन यांचे तिकीट काहींच्याच हाती राहील. ते सर्वांच्या हाती यावे, हीच आंतरराष्ट्रीय समतेची मागणी आहे.