गाडी दोन बोटं खाली, आणि बाबांचा एक नियम

आजचा भाग इन्स्टावर सगळ्यात जास्त विचारल्या गेलेल्या प्रश्नावर आहे: "दादा, गाडी घरी लोअर करता येते का?" उत्तर आहे, येते. मी केली आहे. आणि नंतर पुन्हा वर पण केली. दोन्ही सांगतो.

मी सातिवलीचा. वसई पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद हायवेला लागून. पावसाळ्यात तुम्ही तुंगारेश्वरला जाता ना, तिकडंच. आमच्याकडं घरापेक्षा गाळे जास्त. बाबांचाही एक भाड्याचा गाळा होता, त्यात एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक कायम गळणारा पत्रा.

माझी गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट, 2008 सालची, 1.3 पेट्रोल. तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. आता कुणी म्हणेल, ही काय स्पोर्ट्स कार आहे का? अरे, बावीस वर्षांच्या पोराला विचारा. लाल रंग, मोठे अलॉय, आवाज करणारा सायलेन्सर. आमच्यासाठी तीच फेरारी. फक्त एक गोष्ट खटकायची. चाक आणि मडगार्डच्या मध्ये आख्खा पंजा जाईल एवढी फट. मला ती दोन बोटांवर आणायची होती. निदान पुढून तरी. मागचं नंतर बघू.

पहिला विचार तोच, जो सगळ्यांना येतो. ग्राइंडर घ्यायचा, स्प्रिंगचा एक वेढा कापायचा. फुकटात काम. मी बाबांकडं ग्राइंडर मागायला गेलो. बाबा लेथवरून मान न वळवता म्हणाले, "किती वेढे आहेत?" म्हटलं, सहा. "एक कापलास तर राहिले पाच. स्प्रिंग किती कडक झाली?"

मी गप्प. तर गणित असं आहे. तार तीच, व्यास तोच, वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. सहाचे पाच केले म्हणजे वीस टक्के कडक. शिवाय ग्राइंडरच्या उष्णतेनं कापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या वाटीत सैल पडते. तिथून ती सरकली तर वळणावर काय होईल, तुम्हीच विचार करा.

म्हणून मी पैसे साठवून पस्तीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंगा आणल्या. बाबा म्हणाले, रविवारी गाळ्यात कर. माझ्यासमोर कर.

आता काम कसं असतं ते ऐका. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1940च्या दशकात ही रचना मांडली. शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, सगळा एकच खांब. स्वस्त, हलका, जागा कमी. पण त्या खांबात स्प्रिंग कायम दाबलेली असते, गाडी जॅकवर असली तरी. हे लक्षात ठेवा.

आधी मोजमाप. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी, वहीत लिहून. मग सपाट कोब्यावर गाडी, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे. जॅकनं उचलायची आणि घोडीवर टेकवायची. नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक काढलं, ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून मोकळा केला, लिंक रॉड सोडला, नकलचे दोन बोल्ट काढले, बॉनेट उघडून वरचा नट सोडला. स्ट्रट हातात. इथपर्यंत मला वाटलं, एवढंच?

मग आला स्प्रिंग कम्प्रेसर. दोन लांब बोल्ट, दोन्ही टोकांना हूक. ते स्प्रिंगवर समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीनं आवळायचे. इकडं दोन फेरे, तिकडं दोन फेरे. स्प्रिंग वाटीतून मोकळी झाली की मगच मधल्या दांड्याचा नट सोडायचा. त्याआधी तो नट सोडला तर सगळी ताकद एका क्षणात बाहेर.

बाबांचा एकच नियम होता. "स्ट्रटचं तोंड भिंतीकडं. तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही." माझा चुलत भाऊ मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, नेमका समोर उभा. बाबांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. तो थोडा चिडला पण.

आणि मी घाई केली. एक बाजू सहा-सात फेरे आवळली, दुसरी विसरलो. स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. मला दिसलं, पण हात थांबला नाही. हूक सटकला.

आवाज मला अजून आठवतो. कम्प्रेसरचा एक बोल्ट समोरच्या पत्र्यात घुसला. भाऊ तीस सेकंदांपूर्वी जिथं उभा होता, बरोब्बर तिथून, छातीच्या उंचीवरून. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी लेथ बंद केला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता नीट कर." उरलेलं काम त्यांनी माझ्या हाताला धरून करून घेतलं. शेवटी चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर बुशचे बोल्ट आवळायला लावले. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गाडी झकास दिसत होती, खोटं नाही बोलणार. फोटोला लाइक्स पण आले. पण महिनाभरात बिल यायला लागलं. अलाइनमेंट करायला मी उशीर केला, तर पुढचे दोन्ही टायर आतून खाल्ले. हेडलाइट रस्त्याकडं झुकले. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर, माझा पुढून राहिला 135. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे गाडी आरामात चढते-उतरते. आमच्या गल्लीतला कोणत्या मापाचा आहे, ते तो घालणाऱ्यालाच माहीत.

आणि गंमत म्हणजे वळणावर गाडी फार सुधारलीच नाही. खाली आणली की लोअर आर्मचा कोन बदलतो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षाही जास्त खाली जातो. बाकी सगळं तसंच ठेवून नुसत्या स्प्रिंगा बदलल्या तर कलणं म्हणावं तसं कमी होत नाही.

मग जुलैमधली ती रात्र. आईला मूतखड्याची कळ आली. रिक्षा मिळेना. पुढं मी आणि भाऊ, मागं आई-बाबा, बाहेर धो धो पाऊस. चार माणसं बसल्यावर गाडी अजून खाली. प्रत्येक खड्ड्यात शॉकअप बंप रबरावर जाऊन आपटायचा, धाडकन. आणि प्रत्येक धाडकनला मागून आईचा आवाज. दवाखाना चार किलोमीटर. मी दहाच्या स्पीडनं चालवत होतो. आई काही बोलली नाही, बाबाही नाहीत. पुढच्या रविवारी जुन्या स्प्रिंगा मी स्वतः परत चढवल्या. आळीपाळीनं, दोन-दोन फेरे.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. मी तेव्हा यातलं काहीच वाचलं नव्हतं. तुम्ही आधी वाचा.

म्हणून माझं ऐकाल तर रस्त्यावरच्या गाडीला हात लावू नका. शॉकअप थकले असतील तर कंपनीच्या मापाचे नवीन टाका, टायर चांगले घ्या, अलाइनमेंट करा. अर्धी मजा तिथंच परत येते. आणि कधी कुठल्याही कारणानं स्ट्रट उघडायची वेळ आली, तर कम्प्रेसर चांगला घ्या, घाई करू नका, आणि तोंड भिंतीकडं.

बाबांनी यंदा गाळा सोडला. सामान हलवताना पत्र्यातलं ते भोक दिसलं. मी म्हटलं, बाबा, हे बुजवलं का नाहीत इतकी वर्षं? म्हणाले, "तू रोज बघावंस म्हणून."

चला, पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू. काळजी घ्या, भेटूच.