शेवटची वीतभर जागा



बक्षीस वितरणाआधीचं भाषण लांबू नये, हे प्रत्येक पाहुण्याला ठाऊक असतं आणि तरीही ते लांबतं. म्हणून थेट शर्यतीवरच आलेलं बरं; तीही ४२.१९५ किलोमीटरची.

१५ सप्टेंबर २०२५. टोकियोतली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांची मॅरेथॉन. एक धावपटू बंदुकीच्या आधीच सुटला आणि सगळ्यांना मागे बोलावून शर्यत नव्याने सुरू करावी लागली. दोन तास पळायचं असताना क्षणभराची घाई कशाला, असं म्हणून कुणीही हसेल. पण शेवट पाहा. अखेरच्या सरळ पट्ट्यात जर्मनीचा अमानल पेट्रोस पुढे. टांझानियाचा अल्फॉन्स सिंबू मागून सुसाट आला. पेट्रोसने रेषेवर अंग झोकून दिलं आणि तो कोसळला. दोघांची वेळ एकच, २ तास ९ मिनिटे ४८ सेकंद. फरक ०.०३ सेकंदाचा, त्या वेगात जेमतेम वीतभर. आपण जिंकलो हे सिंबूलाही मैदानातल्या पडद्यावर स्वतःचं नाव सर्वांत वर दिसलं तेव्हा कळलं.

वेळ सारखी, मग सुवर्णपदक एकालाच कसं? रस्त्यावरच्या शर्यतींत वेळ पुढच्या पूर्ण सेकंदाला नेऊन लिहितात. क्रमांक मात्र छायाचित्रावरून ठरतो. ते टिपणारा कॅमेरा अख्खं मैदान पाहत नाही. बारीक फटीतून फक्त अंतिम रेषा पाहतो, सेकंदाला हजारो पट्ट्या टिपतो आणि शेजारीशेजारी जोडतो. त्यात मोजतात ते धड. हात, पाय, डोकं, मान यांना किंमत नाही. रेषेच्या अलीकडच्या कडेला धड कुणाचं आधी पोचलं, एवढाच प्रश्न. बुटावरची चिपसुद्धा इथे कामाची नाही, कारण ती पायाची खबर देते.

या नियमाचा फायदा २००६ साली शिकागोत केनियाच्या रॉबर्ट चेरुयोटला झाला. पहिला येत असताना ऐन रेषेवर त्याचा पाय घसरला, तो पाठीवर आपटला, डोक्याला मार बसला. पण घसरता घसरता धड रेषेपार गेलं होतं. विजेता तोच.

पुढच्याच वर्षी, ७ ऑक्टोबर २००७ रोजी, त्याच शहरात असा उकाडा होता की पारा ३१ अंशांच्या आसपास गेला आणि काही तासांनी शर्यतच थांबवावी लागली. त्याआधी पुरुषांत पॅट्रिक इवुतीने जवाद घरीबला ०.०५ सेकंदाने हरवलं होतं. महिलांत रुमानियाची अद्रियाना पिर्तेआ आघाडीवर होती. शेवटच्या टप्प्यात ती हसत होती, प्रेक्षकांना हात हलवत होती. आदल्या वर्षीची विजेती, इथिओपियाची बेर्हाने अदेरे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने आली आणि पुढे निघून गेली. पिर्तेआला ते उमगेपर्यंत फार उशीर झाला होता. २:३३:४९ आणि २:३३:५२. तीन सेकंद!

या शेवटाची चित्रफीत ‘गर्वाचं घर खाली’ म्हणून दाखवतात. ते अन्यायाचं आहे. मॅरेथॉनमध्ये शर्यत दिसत नाही ती फक्त पुढे असणाऱ्याला. मागच्याला पाठलागासाठी एक पाठ दिसते. पुढच्याला मोकळा रस्ता आणि गर्दी. त्या गर्दीचा गलका असा की मागची पावलं ऐकू येत नाहीत. वळून पाहावं तर लय मोडते. त्यात बेचाळीस किलोमीटरचा शीण आणि तो उकाडा. चूक झाली हे खरं, पण ती माजाची म्हणता येत नाही.

आपल्या मैदानावरही हे दिसतं. फक्की मारलेली रेषा जवळ आली की मुलं दोन पावलं आधीच वेग सोडतात, कुणी शेजारी पाहतं, कुणी दोन्ही हात वर करतं. म्हणून जाणते प्रशिक्षक सांगतात, रेषेपर्यंत नको, रेषेच्या पलीकडे पाच-सहा मीटरपर्यंत पळा. छाती पुढे झुकवायची तीही शेवटच्या पावलाला. आधीच झुकलं तर तोल जातो आणि वेगही.

हे सगळं नेमकं करूनही कधी वीतभर कमी पडते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला. १९९८ पासून या प्रकारातली तिन्ही पदकं दर वेळी केनियाचीच असत. अविनाशने शेवटच्या सरळ पट्ट्यात जोर लावला आणि अब्राहम किबिवोटला जवळजवळ गाठलं. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. रौप्यपदक, आणि सोबत नवा राष्ट्रीय विक्रम.

आता बक्षिसं. पहिलं नाव कुणाचं, सर?