शहाणे यंत्र आणि कामगाराचा वाटा



लहान उद्योगधंद्यांनी संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरात आणावी, आणि त्यासाठी त्यांना साहाय्य कसे करावे, हा आजचा विषय आहे. कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे तो यंत्राला शिव्या देणार, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे काही होणार नाही. साहाय्य करावेच, असे आमचे मत आहे. प्रश्न एवढाच, की कोणत्या अटीवर?

हा प्रश्न जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही योजना त्या संपाच्या मुख्य कारणांपैकी एक होती. भांडण मागाशी नव्हते. काम वाढणार, माणसे घटणार आणि फायदा एकाच बाजूला जाणार, याच्याशी होते. पुढे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी यंत्रसुधारणेबाबत तीन तत्त्वे मान्य केली. असलेल्या कामगाराची नोकरी किंवा कमाई जाऊ नये. फायद्याची वाटणी समाज, मालक आणि कामगार यांत न्यायाने व्हावी. आणि कामाचा बोजा नीट मोजून कामाची परिस्थिती सुधारावी. त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली, परंतु आजच्या यंत्रालाही ही तत्त्वे जशीच्या तशी लागू पडतात.

कशी, ते इचलकरंजीसारख्या गावावरून पाहू. तेथे पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. आज मागाला एक लहानसे उपकरण बसविता येते. ते पिके मोजते आणि माग किती मिनिटे बंद होता ते मालकाच्या फोनवर दाखविते. उत्तम गोष्ट आहे. पण माग का बंद पडला, ते उपकरणाला कळत नाही. सूत कच्चे होते, सायझिंग बिघडले होते, वीज गेली होती, की बीम वेळेवर आला नाही, हे विणकराला ठाऊक असते. त्याची मजुरी पिकावर; म्हणजे माग थांबला की त्याचा तोटा आधीच झालेला असतो. वर ती मिनिटे त्याच्याच आळसाच्या खात्यावर मांडली, तर त्याला दुहेरी दंड झाला. उलट, बंद पडण्याचे कारणही विणकराकडून नोंदवून घेतले, तर सुताचा दोष मालकाच्या हाती पुराव्यानिशी लागेल. म्हणजे कामगाराला विचारण्यात मालकाचेच हित आहे.

दुसरे उदाहरण कापड तपासण्याचे. कॅमेरा आता कापडातला दोष ओळखतो. हे त्याला शिकविले कोणी? हजारो चित्रे घेऊन, हा तुटलेला धागा, हा डाग, ही पट्टी, असे माणसांनी दाखवून दिले, तेव्हा यंत्र शहाणे झाले. मेंडिंगच्या टेबलावर डोळे झिजविणाऱ्या बाईची पारख त्यात उतरली. ती पारख घेऊन झाल्यावर त्या बाईला घरी पाठविणे, याला आम्ही सुधारणा म्हणत नाही. तिलाच त्या कॅमेऱ्याची देखरेख शिकवावी आणि त्या कामाची मजुरी द्यावी.

लहान मालकाचीही बाजू सांगितली पाहिजे. खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत मजुरीने विणतो. त्याने कर्ज काढून उपकरण घेतले, दोन पैसे वाचविले आणि व्यापाऱ्याने तेवढाच दर कापला, तर त्याच्या पदरी काय उरले? हप्ता! म्हणून ही खरेदी दहा-वीस जणांनी सहकाराने करावी, आणि नोंदीवर ताबा त्यांचाच असावा. ज्या गावाने सहकारी सूतगिरण्या उभ्या केल्या, त्याला हे अवघड नाही.

साहाय्याला पैसा नाही, असे नाही. यंत्रे सुधारण्यासाठी कर्जाच्या व्याजात सवलत देणारी योजना कापड उद्योगाला १९९९ पासून मिळाली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यासाठी पाच वर्षांकरिता १०,३७१ कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर केली. कायदाही आहे. माणसे कमी होण्याजोगी यंत्रसुधारणा करण्यापूर्वी कामगारांना सूचना द्यावी, हे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २०२० च्या संहितेतही ते आले. पण आठ मागांच्या शेडमध्ये तो सूचनेचा कागद लावतो कोण? आणि लावला तरी वाचून दाखवितो कोण?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. यंत्रासाठी कर्ज वा सवलत देताना एक करार त्याच कागदाला जोडावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: कोणाला काढणार नाही, नवे काम पगारी वेळेत शिकवू, यंत्राची नोंद कामगारालाही पाहू देऊ. १९८३ साली बँकांतील यंत्रीकरणाच्या मर्यादा व्यवस्थापने आणि संघटना यांनी समोरासमोर बसून करारानेच ठरविल्या होत्या. बँका त्यामुळे बुडाल्या नाहीत.

आपणांपैकी अनेकजण नागरी बँकांचे आणि पतसंस्थांचे सभासद असाल. यंत्रांसाठी दिले जाणारे कर्ज आपल्याच ठेवींतून जाते. येत्या वार्षिक सभेत उभे राहून एवढेच विचारा, की या कर्जाने किती यंत्रे आली आणि किती माणसे शिकली? हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. तो आपण वापरावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.