मेकॅनिकल इंजिनिअर : पदवी, अनुभव आणि जबाबदारी

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



नाटक, अंताक्षरी आणि आनंदमेळ्याच्या मधे इंजिनिअरिंगवर भाषण म्हणजे मोदकाच्या पानात कारल्याची भाजी! पण भिलाईकरांना हा विषय परका नाही. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि आपल्यापैकी अनेकांचे वडील नागपूर, भंडारा, गोंदियाकडून पोटासाठी इथे आले. आज त्यांची नातवंडे विचारतात, "काका, मेकॅनिकल घेऊ का? की कॉम्प्युटरच बरे?" पालक पॅकेजचा विचार करतात. त्यात गैर काही नाही. पण हा माणूस नेमके काय करतो, ते कळल्याशिवाय निर्णय होऊ नये.

यंत्राचे ड्रॉइंग करणे, धातू निवडणे, उत्पादन, तपासणी, देखभाल ही सारी त्याचीच कामे. माझी उमर बॉयलर हाऊसमध्ये गेली, म्हणून उदाहरण तिथलेच देतो. उघड्यावर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1600 पट जागा व्यापते. बंद भांड्यात तेवढी जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. त्याच दाबावर टर्बाइन फिरते, आणि तो आवरला नाही तर बॉयलर फुटतो. 1863 साली कलकत्त्यात असा स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा 1864 मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. पुढे 1923 चा देशव्यापी कायदा झाला आणि आता त्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली आहे.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. आयटीआय करून फिटर होता येते, डिप्लोमा करता येतो, बी.ई. करता येते. पण मोठा बॉयलर सांभाळायला नुसती पदवी पुरत नाही. काही वर्षे प्रत्यक्ष काम करून बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

नव्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारत असे. गेज ग्लासमधले पाणी दिसेनासे झाले तर काय कराल? दहातले आठ जण म्हणत, "ताबडतोब पाणी सोडू." घरात कुकर करपला तर आपणही हेच करू! पण इथे ते जिवावर बेतते. कोरड्या पडून तापलेल्या धातूवर पाणी पडले की क्षणात प्रचंड वाफ होते. म्हणून आधी आग बंद करायची, पाणी सोडायचे नाही, बॉयलर सावकाश थंड होऊ द्यायचा आणि तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचा नाही. घाबरलेल्या वेळी हात आपोआप व्हॉल्व्हकडे जातो. तो आवरायला पुस्तक आणि अनुभव दोन्ही लागतात.

भिलाईला येण्यापूर्वी मी दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्यात होतो. तिथे सातवी शिकलेले एक फायरमन होते. एका रात्रपाळीत ते म्हणाले, "साहब, पंप की आवाज बदल गई है." मीटरवर सारे ठीक दिसत होते. बेअरिंगला हात लावला तर ते नेहमीपेक्षा गरम लागले. जोडीचा पंप दुरुस्तीला उघडलेला, म्हणजे हा थांबवला की बॉयलरही बंद. वरून फोन आला, "रात्र काढा, सकाळी पाहू." मी लॉगबुकात कारण लिहिले, सही केली आणि बॉयलर बंद करायला सांगितले. सकाळी बेअरिंग उघडले तेव्हा त्याची केज तडकलेली होती. रात्रीच्या नुकसानीचा जाब मला द्यावा लागला, तो दिला. पण पाळीतले सगळे चालत घरी गेले.

फायरमनला कान होता, मला सहीचा अधिकार होता. पदवीने तो अधिकार मिळतो. तो वापरायची वेळ येते तेव्हा खालच्या माणसाचे ऐकावे लागते आणि वरच्या माणसाला "नाही" म्हणावे लागते. माझ्या मते मेकॅनिकल इंजिनिअरची खरी पात्रता हीच.

तेव्हा मुलांनो, मार्कांबरोबर स्वतःला एवढे विचारा : हात काळे करायची तयारी आहे का? आपल्या सहीवर चार माणसांचा जीव आहे, हे ओझे पेलेल का? उत्तर "हो" असेल तर मेकॅनिकल जरूर घ्या. आणि पालकांनो, मग त्यांना अडवू नका.

 गणपती बाप्पा मोरया!