शाळेची वही आणि पतपेढीची वही



कोल्हापूर ही वसतिगृहांची नगरी म्हणून ओळखली जाते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले व पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. १९१३ साली कोल्हापूर अर्बन बँक स्थापन झाली, तर १९१७ साली संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. विद्या आणि सहकार यांची रोपे या मातीत जवळजवळ एकाच काळात लागली.

या दोहोंची सांगड घालणारा महापुरुष याच जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्माला आला. कर्मवीर भाऊराव पाटील हे विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. घरोघरी मूठभर धान्य मागून मुष्टिफंड जमविला. तरीही चूल पेटण्याची भ्रांत पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकामागून एक दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी मोडले. १९३० साली त्या माउलीचे निधन झाले.

या त्यागापुढे मस्तक नम्र होते. परंतु त्यातील व्यवहाराचा बोधही दृष्टीआड होऊ नये. दागिना एकदाच मोडता येतो. विद्यार्थी मात्र दरवर्षी नवे येतात. भाऊरावांनी हे पुरेपूर ओळखले होते. म्हणूनच लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली आणि तिच्यातून गरजू विद्यार्थ्यांना पुढील शिक्षणासाठी कर्जाऊ साहाय्य मिळू लागले. १९४० साली संस्थेच्या सेवकांसाठी रयत सेवक को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. शिक्षणसंस्थेच्या शेजारी स्वतःची अर्थसंस्था उभी राहिली.

दान आणि पतपेढी यांतील भेद येथे ध्यानी घ्यावा. दान दिले की ते त्या विद्यार्थ्यापाशी संपते. कर्जाऊ दिलेली रक्कम मात्र शिकून कमावता झालेल्या मुलाच्या हातून परत येते आणि दुसऱ्याचे शुल्क भरते. शिवाय घेणाऱ्याची मान ताठ राहते. तो याचक नसतो, खातेदार असतो. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाचाच हा आर्थिक आविष्कार होय.

शाळा आणि बँक यांचे दुसरे नाते बचतीचे. राष्ट्रीय बचत संघटनेच्या संचयिका योजनेत शाळेतच मुलांची छोटी बँक चालत असे. रोखपाल मुलेच, खातेवहीही मुलेच लिहीत आणि जमलेली रक्कम टपाल कार्यालयात वा बँकेत ठेवली जाई. १५ सप्टेंबर हा संचयिका दिन असे. जमेची आणि नावेची बाजू जुळली पाहिजे, हा धडा त्या मुलांना पुस्तकाविना मिळत असे.

आज तर वाट अधिक सुकर आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा देण्याचा मार्ग मोकळा केला. २०२५ च्या सुधारित सूचना सहकारी बँकांनाही लागू आहेत. लहान वयाच्या मुलाचे खाते आईला पालक म्हणून उघडता येते. मुलांच्या खात्यात शिलकीपेक्षा अधिक उचल मात्र मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

तथापि, एका बाबतीत सावध राहिलेच पाहिजे. अनेक पतसंस्था बुडाल्याने सामान्य ठेवीदारांवर कोसळलेले संकट महाराष्ट्राने पाहिले आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीला, व्याज धरून, दर ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना आहे. पतसंस्था मात्र त्या कक्षेत येत नाहीत. अनेक ठेवीदारांना हा फरक ठाऊक नसतो. मोठ्या माणसाची ठेव बुडाली तर त्याचे धन जाते. मुलाची पहिली बचत बुडाली तर त्याचा विश्वास जातो, आणि तो पुन्हा जमा होत नाही. म्हणून संचालकाच्या ओळखीवर वा अर्धा टक्का अधिक व्याजावर मुलांचा पैसा कोठेही ठेवू नये.

तेव्हा सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांनी आणि शाळांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. शिष्यवृत्तीच्या निधीचा काही भाग बिनव्याजी, परतफेडीच्या साहाय्यासाठी वेगळा काढावा. मुलांची बचत विमा असलेल्या बँकेतच, प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाने असावी. आणि बँकेच्या अधिकाऱ्याला शाळेत केवळ पारितोषिक वितरणासाठी न बोलाविता, पासबुक कसे वाचावे, व्याज कसे मोजावे आणि कोणाच्या कर्जाला जामीन राहण्यापूर्वी काय पाहावे, हे शिकविण्यासाठी बोलवावे.

शाळेची वही मुलाला अक्षर देते, पतपेढीची वही त्याला पत देते. ज्याच्यापाशी दोन्ही आहेत, त्याच्या घरातील कोणा माउलीवर शिक्षणासाठी मंगळसूत्र मोडण्याची वेळ येणार नाही. लक्ष्मीबाईंना याहून उचित आदरांजली ती कोणती?