"काम काय करता?"

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी सोलापुरात काम करते. आमच्या केंद्रात बायका येतात त्या बहुतेक मारहाणीच्या, पोटगीच्या तक्रारी घेऊन. पण काहीजणी अपघाताचे कागद पिशवीत घालूनही येतात. त्यांतल्याच एका ताईंविषयी आज सांगणार आहे.

वय अडतीस, विडी कामगार. रिक्षाला टेम्पोने धडक दिली आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे निकामी झाली. मोटार अपघात न्यायाधिकरणात आम्ही दावा लावला. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने विचारले, "काम काय करता?" ताई म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते."

पहाटे पाणी भरण्यापासून रात्री विड्या वळेपर्यंत राबणारी ही बाई! ती खोटे बोलली नाही. घरात बसून करतो त्यालाही काम म्हणतात, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. मीही नाही. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सगळे मी जमवले. विडीचे कार्ड मात्र तिच्या ट्रंकेतच राहिले. ते नंतर दाखल करण्यात कितीतरी तारखा गेल्या.

या एका उत्तराने काय बिघडते? हिशेब पाहा. महिना 6,000 रुपये कमाई धरली तर वर्षाचे 72,000. सरला वर्मा खटल्यातील 2009 च्या निकालाप्रमाणे या वयाला 15 ने गुणायचे. झाले 10,80,000. दाखल्यावर अपंगत्व 20 टक्के असेल तर हाती 2,16,000. पण विडी वळणारीची बोटे गेली म्हणजे 20 टक्केच गेले का? राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की कमाईची ताकद किती गेली ते पाहा, नुसता दाखल्यावरचा आकडा नको. ती 60 टक्के गेली असे सिद्ध झाले, तर हीच रक्कम 6,48,000 होते. औषधोपचार आणि वेदनांची भरपाई वेगळी. पण मुळात कामच सांगितले नाही, तर काय सिद्ध करणार?

आणि जी विड्याही वळत नाही, फक्त घर सांभाळते, तिचे काय? 1994 साली कायद्याला जोडलेल्या परिशिष्टाने तिची कमाई नवऱ्याच्या एक तृतीयांश धरली होती. जणू ती नवऱ्याचा तिसरा हिस्सा! 2010 साली अरुणकुमार अग्रवाल खटल्यात आणि 2021 साली कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचे मोल मान्य केले. निकाल आपल्या बाजूने आहेत, पण ते साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत आपणच पोचवायचे आहेत.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा दवाखान्यातून सुटल्यावर थांबू नका. दावा बाई राहते त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका. भरपाईत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलांच्या नियमात बसत नाही. रक्कम तिच्याच बँक खात्यात जाईल असे पाहा.

आणि साक्षीआधी एक दिवस तिच्याजवळ बसा. उठल्यापासून निजेपर्यंत ती काय काय करते, ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. आता मी प्रत्येकीला आधी तेच विचारते, "ताई, काम काय करता?" पहिले उत्तर बहुधा "काही नाही" असेच येते. आपले काम तिथूनच सुरू होते.