मेलेला कावळा दिसला? कळवा!

मागच्या आठवड्यात इथे कॅलिफोर्नियात सकाळी चालायला निघालो, तर फुटपाथवर एक कावळा मरून पडलेला. जखम नाही, काही नाही. मी सरळ पुढे गेलो. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं, चुकलंच आपलं.

गोष्ट 1999 ची. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात कावळे पटापट मरत होते. ऑगस्टमध्ये माणसांना मेंदूज्वर व्हायला लागला. आधी निदान झालं सेंट लुईस एन्सेफलायटिसचं. पण ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना. त्या आजारात पक्षी सहसा मरत नाहीत, मग हे का मरतायत? शेवटी निघाला वेस्ट नाईल विषाणू, अमेरिकेत पहिल्यांदाच.

हा विषाणू पक्ष्यांमध्ये वाढतो आणि क्युलेक्स डास तो पसरवतात. लागण झालेल्या 10 पैकी साधारण 8 माणसांना काहीच जाणवत नाही. म्हणजे पेशंटची वाट बघत बसलो तर उशीर ठरलेला. कावळा मात्र लगेच मरतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, तोच पहिला अलर्ट. आणि माणसांसाठी लस अजून नाही.

म्हणून कॅलिफोर्नियात मेलेल्या पक्ष्याचा रिपोर्ट वेबसाईटवर किंवा फोनवर देता येतो. पक्षी ताजा असेल तर तपासणीसाठी नेतातही. मग डास कुठे मारायचे ते ठरवता येतं. तुम्ही फक्त नेमकी जागा सांगा, आणि उघड्या हातानं उचलू नका.

दुसऱ्या दिवशी मी तिथे परत गेलो. कावळा नव्हता. पुढच्या वेळी मी थांबणार. इथे राहत असाल तर तुम्हीही थांबा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!